वरच्या मजल्यावरचे वैमानिक

जगातली नियम पाळणारी सगळी माणसं उद्या नाहीशी झाली, तरी आमच्या वरच्या मजल्यावरचे काका एकटे पुरून उरतील. टेंभी नाक्यापर्यंत स्कूटरने जायचं तरी आधी तिला प्रदक्षिणा घालतात, टायर दाबतात, टाकीत डोकावतात. हे उड्डाणाआधी विमान तपासायचं वळण. मुलाकडे कॅनडात गेलेली माणसं धबधबा बघून येतात. काका हौशी वैमानिकाचं लायसन्स घेऊन आले. सोबत आणखी एक शिस्त आणली : वायरलेसवर मिळालेली सूचना तशीच परत म्हणायची. काकूंनी कोथिंबीर सांगितली की जिन्यातून आवाज येतो, ‘येताना कोथिंबीर, समजलं.’ ‘आणि आणतात मेथी,’ काकू म्हणतात.

त्या लायसन्सवर इथे पतंगही उडवता येत नाही, हे परत आल्यावर कळलं. आधी इथल्या नियमांची परीक्षा, डॉक्टरी तपासणी, मग परीक्षकाला शेजारी बसवून उड्डाण. तेव्हा कुठे देशी लायसन्स.

‘काका, तिकडचं आकाश वेगळं असतं का?’ मी विचारलं.

‘आकाश तेच रे. साहेब वेगळे,’ असं म्हणून त्यांनी पुस्तक उघडलं. पहिल्या खेपेला नापास झाले, कारण सवयीने सगळी उत्तरं कॅनडाची दिली.

घाई होती ती त्यांच्या आईसाठी. या आजींनी तरुणपणी खाडीकाठच्या घरच्या मिठागरात भरतीचं पाणी वाफ्यांत घेतलेलं, डोक्यावरून मीठ वाहिलेलं. ते आगर वरून दाखवीन, असा काकांनी शब्द दिला होता, आणि आजींची नजर विझत चालली होती. लायसन्स हाती आलं तोवर आजींना उजेड आणि अंधार एवढंच कळत होतं. त्यात खाडीवरून मोठ्या विमानांची वाट, छोट्यांना तिथे मज्जाव. तो नियमही काकांनीच पाठ केलेला.

शेवटी घाटापलीकडच्या एका धावपट्टीवरून आम्ही उडालो. पुढे काका आणि आजी, मागे मी.

‘आपलं आगर कुठं रं?’ आजींनी विचारलं.

काकांनी खाली पाहिलं. मग म्हणाले, ‘उजवीकडं, आये. पांढरं दिसतंय ते.’

उजवीकडे नुसता ऊस होता. आजी काचेला कपाळ टेकून बराच वेळ बघत राहिल्या.

‘दिसलं,’ त्या म्हणाल्या. ‘पानी घेतलंय.’

‘पानी घेतलंय,’ काका हळूच म्हणाले. ‘समजलं.’