साहेबाचा चाप

माझं लग्न ठरवताना मध्यस्थानं वडलांना सांगितलं होतं, "पोरगा सिकंदराबादच्या छावणीत हाय. गोऱ्या साहेबाच्या अगदी उजव्या हाताशी." यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं, हे मला पुढं कळलं. पण तेव्हा आमच्याकडच्यांना वाटलं, जावई निदान पलटणीत जमादार तरी असणार. मांडवात माझ्या मामांनी त्याला उगाचच दोनदा सलाम ठोकला.

माझं सासर पाटोद्याच्या बाजूला, डोंगराखालच्या गावात. नवरा वर्षातून एकदा रजेवर यायचा. अंगात खाकी कोट, पायात बूट. तो आला की सासऱ्यांची चालच बदलायची. पारावर बसून ते लेकाचे पराक्रम सांगत आणि लेक शेजारी बसून बुटाच्या नाड्या न्याहाळत राही. त्याच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत बारीक काळे डाग होते. "बारुदीचे हायेत," असं म्हणत सासरे ते लोकांना दाखवत. एकदा कुणी तरी खोदून विचारलं, तेव्हा नवरा एवढंच म्हणाला, "साहेबाला माझ्याबिगर दुसऱ्याचा चाप चालत न्हाई." पारावरची माणसं त्याला जागा देत जरा सरकून बसली. साहेबाच्या देखत बंदुकीचा चाप ओढणारा माणूस पंचक्रोशीत दुसरा नव्हता.

मला मात्र एका गोष्टीचं नवल वाटायचं. मी भाकरी थापायला बसले की हा लढवय्या चुलीकडं टक लावून बघायचा. एकदा हळूच म्हणाला, "जाळ कमी कर. करपतीय." सासूबाई कौतुकानं म्हणाल्या, "पलटणीत नजर लई तेज होते."

त्या हिवाळ्यात तो घरी असतानाच पाटलांच्या रताळ्याच्या मळ्यात रानडुक्कर शिरलं आणि अर्धा मळा उकरून गेलं. गड्यांनी कुत्री आणि भाले घेऊन त्याला ओढ्यात गाठलं. या लढाईला आमच्या घरचा वीर नव्हता. ऐन वेळी त्याच्या पोटात कळ आली होती. पण मान म्हणून बरगड्यांचा मोठा वाटा आमच्याकडं आला, वर उकरलेली रताळी टोपलीभर. पाटील स्वतः जेवायला येतो म्हणाले.

पण नेमका त्याच दिवशी वसुलीचा गिरदावर चावडीत उतरला होता, आणि त्याला हे मांस वर्ज्य. म्हणून पाटलांचा हुकूम सुटला, जनावराचं नाव कुणी घ्यायचं नाही, 'रताळी' म्हणायचं. मग दुपारभर गावात जो तो दुसऱ्याला विचारत होता, "तुमच्याकडली रताळी हाडाची हायेत का चरबीची?" गिरदावर बिचारा ऐकत होता. या मुलखातल्या पिकांबद्दल त्याचं काय मत झालं असेल कोण जाणे.

असलं मटण आमच्या घरातल्या चुलीवर शिजत नसे. ते गोठ्यापुढच्या अंगणात, तीन दगडांवर, वेगळ्या भांड्यात आणि पुरुषांनीच करायचं. थोरल्या दिरांनी हंडीत पाणी ओतलं, विटेएवढे तुकडे टाकले, वर तिखटाची मूठ फेकली आणि खाली भडका उडवला. आम्ही बायका दाराआडून बघत होतो. नवरा बाजेवर बसला होता. आधी त्यानं तोंड फिरवलं, मग डोळे मिटून घेतले. दिरांनी दुसरी मूठ भरली, तसा तो उठलाच.

"दादा, हात काढा बरं."

"कावून?"

"भाल्यानं एकदा मारलंय त्याला. आता परत कावून मारताय?"

त्यानं कोट काढून बाजेवर टाकला, तुकडे हंडीतून बाहेर काढून पुसून घेतले आणि मला हाक मारली. सुरी, लसूण, मिरी, मीठ, ज्वारीचं चाळलेलं पीठ. एकेका हाडागणिक त्यानं बरगड्या वेगळ्या केल्या, वरवंट्यानं हलकेच ठेचल्या आणि मीठमसाला चोळला. चरबी कढईत मंद जाळावर वितळू दिली. मग तुकडे पिठात घोळवले, झटकले आणि आत सोडले. दीर उलथणं घेऊन पुढं सरकले.

"हात लावू नका. रंग धरू द्या. झाला की तुकडा आपणहून कढई सोडतो."

हा आवाज मी पहिल्यांदाच ऐकत होते. पारावर त्याला असा आवाज कधी फुटला नव्हता. तेवढ्यात कढईतून चरबीचा थेंब उडाला आणि त्याच्या मनगटावर पडला. त्यानं हात हलवलासुद्धा नाही. बारूद कुठून येत होती ते मला तिथं उमगलं.

रताळी राखेत भाजून, सोलून, लोण्यामिठात कुस्करली. कढईत उरलेल्या चरबीत त्यानं चमचाभर पीठ परतलं आणि दूध मागितलं.

"दूध? आरं, मटनात दूध?" सासूबाई जवळजवळ ओरडल्याच.

"आये, तू निस्ती बघ."

पाटलांनी पहिला घास घेतला, लगेच दुसरा. हाड साफ करून म्हणाले, "ह्याला काय म्हनत्यात?"

"चाप," नवरा म्हणाला.

पाटलांनी हातातल्या हाडाकडं पाहिलं, मग त्याच्याकडं. "म्हंजी साहेबाला तुझ्याबिगर चालत न्हाई तो चाप ह्योच? बे, तू बावर्ची हायेस का?"

सासऱ्यांची मान खाली गेली. नवऱ्यानं हात पुसले. "जी. बावर्चीच हाय."

"बावर्ची न्हाई," सासरे घाईनं म्हणाले, "रसदेचा अंमलदार."

"हुद्द्याचं मागनं बघू. आधी त्ये पांढरं कालवन वाढ," पाटील म्हणाले.

पुरुष उठल्यावर आमची पाळी. बायकांच्या वाट्याला नेहमी गार रस्सा आणि हाडं यायची. पण यानं आमचे तुकडे वेगळे ठेवले होते. "बसा. गरमच खायचं असतंय," म्हणत तो एकेक तळून थेट पानात टाकत होता. वरून खुसखुशीत, आत मऊ, शेजारी रताळ्याचा गोडसर गोळा. सासरी आल्यापासून माझ्या तोंडात गेलेला तो पहिला गरम घास असावा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं ते धुरामुळं, असं मी सासूबाईंना सांगितलं. त्या स्वतः उघड रडत होत्या. "लेकरू पलटणीत धाडलं अन् बाई होऊन आलं," म्हणायच्या आणि पान पुढं करायच्या. मधेच त्यांनी विचारलं, "तिथं आणखी कायकाय शिजवतोस रं?" त्यानं चटकन आणखी एक तुकडा त्यांच्या पानात टाकला. त्यांनीही परत विचारलं नाही.

आजवर मला छावणीत न्यायचं निघालं की सासरे म्हणत, "तिथं गोळ्या सुटत्यात, बाईमान्साचं काम न्हाई." आता ती अडचण उरली नव्हती. रजा सरल्यावर नवरा म्हणाला, "हिला संगं नेतो." सासरे बैल जुंपायला उठले.

आम्ही बैलगाडीनं जालन्याच्या आगगाडीकडं निघालो. वर्षाकाठी चार शब्द बोलणारा हा माणूस वाटभर बोलत होता. मडमेचा राग, पुडिंग बसतं का बसत नाही याची भीती, तिथल्या भट्टीचे लाड. मी ऐकत होते. मधून मधून मला डुलकीही लागत होती. पण जाग आली की त्याचं चालूच असायचं.