मागे घेते म्हण

त्याने माझ्या गळ्यातली शिट्टी दोरीसकट ओढली. दोरी तुटली नाही. त्यामुळे मान पुढे गेली आणि मीपण त्याच्याकडे ओढली गेले. मैदानाच्या चारी बाजूंना माणसं बसली होती. कोणीतरी हसलं. मग बरेच हसले.

"तुला कोनी सांगितला शिट्टी मारायला?" तो म्हणाला.

मी कबड्डीची पंच होते. परीक्षा देऊन झालेली. शिट्टी मारणं हेच माझं काम होतं. हे मी त्याला सांगितलं नाही.

पनवेल-उरणच्या गावांत थंडीचे दिवस आले की कबड्डीच्या स्पर्धा लागतात. हे गाव उलव्याच्या अंगाला होतं. मैदान त्या शिट्टी ओढणाऱ्या माणसाचं, मांडव त्याचा, चषक त्याच्या बापाच्या नावाचा. गावात सगळे त्याला शेठ म्हणायचे. शेतं गेली, मिठागरं बुजली, तिथे इमारती उभ्या राहिल्या, आणि त्यातल्या बऱ्याच त्याने बांधल्या. त्याचा पुतण्या यजमान संघातून खेळत होता.

सकाळी पंचांचा सत्कार झाला होता. शेठने बाकीच्यांच्या हातात नारळ दिला. माझा टेबलावर ठेवला. मी उचलून घेतला. आमच्या वस्तीचं नाव सांगितलं की पुढचं काही विचारावं लागत नाही. विचुंब्यात आता टॉवर झालेत, पण त्यांच्या मागे आमची वस्ती आहे तिथेच आहे.

अंतिम सामना होता. गुण सारखे. शेवटची चढाई शेठच्या पुतण्याची. समोर कर्नाळ्याच्या बाजूचा पाहुणा संघ. पुतण्या पकड चुकवायला बाजूला सरकला आणि त्याचा डावा पाय रेषेबाहेर पडला. कोणी त्याला शिवलंही नव्हतं. रेषा माझ्या समोर होती. रेषेवरची फक्की उडाली ती मी बघितली. शिट्टी मारली. हात वर केला. गडी बाद.

मग शेठ मांडवातून उठून आला.

"तुजी आय आमचे मिठागरावर व्हती ना?" शिट्टीची दोरी त्याच्या मुठीतच होती. "डोक्यावर मीठ वाहायची. आनि तू आमचे पोराला बाद देतेस?"

खरं होतं ते. आई त्यांच्याच मिठागरात होती. पाटी उचलून उचलून तिच्या टाळूवरचे केस गेले ते परत आलेच नाहीत.

मला राग येईल असं वाटत होतं. आला नाही. अंगावर कोणीतरी ओलं गोणपाट टाकावं तसं झालं. जनरेटरचा आवाज तेवढा ऐकू येत होता.

शेठने दोरी सोडली आणि निवेदकाच्या कानात काहीतरी सांगितलं. निवेदक माइकवर म्हणाला, "पंचांचा निर्णय रद्द करण्यात आला आहे. चढाई पुन्हा घेण्यात येईल."

करण्यात आला आहे.

ही भाषा मला नवीन नव्हती. रेशनकार्डावरून आजीचं नाव ती जिवंत असताना कमी करण्यात आलं होतं. भावाची सोयरीक मोडली तेव्हा मुलीकडून निरोप आला, बेत रहित करण्यात आला आहे. मी शाळेत खेळाची कंत्राटी शिक्षिका होते, तिथून नेमणूक संपुष्टात आणण्यात आली. रद्द, रहित, बाद, संपुष्टात. प्रत्येक वेळी कोणीतरी केलेलं असायचं. पण वाक्यात तो माणूस कधी नसायचा. आम्हीही कधी विचारलं नाही, कोणी केलं म्हणून.

पाहुणा संघ मात्र अडून बसला. त्यांचा कप्तान म्हणाला, "बाईंनी बाद दिलाय. बाई स्वतः मागं घेत असतील तर आमी खेळू. नायतर नाय."

आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले.

सर माझ्याजवळ आले. सामन्याचा मुख्य पंच, ज्याला कबड्डीत सरपंच म्हणतात, ते हेच होते. शाळेत त्यांनीच मला कबड्डी शिकवली. पंच परीक्षेलाही त्यांनीच बसवलं. माझ्या खांद्यावर हात ठेवून हळू म्हणाले, "बाळ, मागे घेते म्हण. चुकून झालं म्हण. एवढं एक वाक्य, विषय संपला."

"सर, पाय बाहेर होता."

"असेल. मी कुठे नाही म्हणतो?"

"मग तुम्ही फिरवा निर्णय. सरपंचाला अधिकार असतो. तुम्ही म्हणा, रद्द केला म्हणून."

सरांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. म्हणाले, "मी कशाला माझ्या अंगावर घेऊ?"

तेव्हा मला कळलं. डोक्यात काही पेटलं वगैरे नाही. थंडपणे कळलं, गणित सुटतं तसं. रद्द शेठकडचे लोक करू शकत होते. मांडव त्यांचा, माइक त्यांचा, माणसं त्यांची. पण मागे घेणं फक्त माझ्याच हातात होतं. ते दुसऱ्या कोणाला जमणार नव्हतं. म्हणून तर शेठ थांबला होता. एवढा मोठा माणूस, आणि मिठागरातल्या बाईच्या पोरीच्या तोंडाकडे बघत उभा होता.

निवेदकाने माइक माझ्या तोंडापुढे धरला. "बोला बाई."

मी म्हणाले, "पाय रेषेबाहेर होता. गडी बाद."

कर्ण्यांतून ते गावभर गेलं. माझाच आवाज मला दुसऱ्या कोणाचा तरी वाटला. निवेदकाने माइक झटकन मागे घेतला. शेठने एक शिवी दिली. आईवरून, जातीवरून. ती मी इथे लिहीत नाही. जवळच्या सगळ्यांनी ऐकली, सरांनीही.

तरी चढाई पुन्हा घ्यायचंच ठरलं, तेव्हा पाहुणा संघ मैदान सोडून गेला. सोडून गेला म्हणून यजमान संघाला विजयी घोषित करण्यात आलं. फटाके लागले. पाहुण्यांचा टेम्पो माझ्या बाजूनेच गेला. त्यातल्या कोणी माझ्याकडे बघितलं नाही. मी टमटम धरून पनवेलला आले, तिथून घरी.

आई भाकऱ्या थापत होती. मी सगळं सांगितलं. शिवीसुद्धा. तिचा हात थांबला नाही. शेवटी तिने विचारलं, "पाय भाईर होता का?"

"होता."

"मग झालं," ती म्हणाली आणि तव्यावरची भाकरी उलटली.

त्यानंतर मला सामने मिळाले नाहीत. पंचांच्या यादीतून माझं नाव वगळण्यात आलं असं कळलं. या वेळी मी संघटनेच्या कचेरीत फोन करून विचारलं, कोणी वगळलं? फोनवरचा माणूस म्हणाला, "असं नाव नाही सांगता येत." मी म्हणाले, नाव सांगेपर्यंत मी फोन करत राहणार. करत राहिले. पुढे तो माझा नंबर बघून उचलायचाच नाही. मग मी स्वतः जाऊन त्याच्या समोर बसायला लागले. केस पांढरे असलेला, घाबरट माणूस. एक दिवस खाली मान घालून त्याने नाव सांगितलं. ते सरांचं होतं.

मी रडले नाही. रडायला हवं होतं असं आता वाटतं.

वर्षभराने सरांचाच फोन आला. मुलींच्या स्पर्धांना महिला पंच कमी पडत होत्या. "येऊ शकतेस," ते म्हणाले. "फक्त त्या दिवसाबद्दल शेठला एकदा सॉरी म्हण. मी मध्ये आहे."

"आणि माझं नाव काढलंत त्याचं काय, सर?"

सामने उद्यापासून आहेत, एवढंच ते म्हणाले.

"मी मैदानावर येणार, सर," मी म्हणाले. "सॉरी म्हणणार नाही. मला परत काढायचं असेल तर सगळ्यांसमोर, स्वतःच्या नावाने काढा. मी केलं म्हणा. मागे घेते हे मात्र माझ्या तोंडून वदवून घेता येणार नाही. आता नाही, पुढेही नाही."

मीच फोन ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी बूट घातले आणि मुलींच्या सामन्यांना गेले. सॉरी न म्हणता ये, असं कोणी बोलावलं नव्हतं.