अस्वलाच्या बाजूचे आत्तोबा

अस्वलाची बाजू माणसांसमोर न लाजता मांडणारा एकच इसम अख्ख्या कोल्हापूर जिल्ह्यात झाला, आणि तो आमच्या आत्याच्या पदरात पडला. आत्तोबा गगनबावड्याला जनावरांच्या दवाखान्यात ड्रेसर होते. आठवडाभर म्हशींच्या जखमा बांधायच्या आणि सुट्टी आली की डोंगरात अस्वलाच्या खुणा शोधायच्या, हा त्यांचा नव्वद सालापासूनचा परिपाठ. पार मलकापूरच्या डोंगरापर्यंत जिथे खूण मिळेल, तिथे भिंतीवरच्या नकाशावर ते आत्याची टिकली चिकटवत. "मला लावायला एक ठिवत न्हाईत," आत्या म्हणायची, पण बाजारातून दोन पाकिटं आणायची. एकदा आतेबहिणीला बघायला पाहुणे आले. मुलाच्या वडिलांनी कपाटावरची बरणी उघडून सुपारी समजून चिमूटभर उचलली. आत्तोबा शांतपणे म्हणाले, "पावणं, त्या करवंदाच्या बिया हायत. अस्वलाच्या विष्ठेतनं काढल्यात. धुतल्यात, पर खाऊ नगासा." तरी लग्न जमलं, ही त्या पाहुण्यांची थोरवी.

एका हिवाळ्यात जवळच्या वाडीतला एक शेतकरी आईबरोबर सरपणाला गेला असताना जनावराने त्याचा खांदा फाडला. बिबट्याच असणार, असं ठरवून दहा-बारा जण बंदूक आणि भाले घेऊन निघाले. वाट दाखवायला त्याची म्हातारी आई पुढे, आणि तिच्या मागोमाग आत्तोबा. जागेवर ते उकिडवे बसले. "बिबट्या नखं आत घिऊन चालतोय. ही बघा, बोटांपास्नं लांब उमटल्यात. अस्वल हाय." मग त्यांनी शेजारची चिमुकली पावलं दाखवली. चार हातांवर ती एकाएकी संपत होती; मोठी तेवढी पुढे गेली होती. "हितं पिल्लं आईच्या पाठीवर चढली. त्यांच्यापायीच ती अंगावर आली."

"मंग सोडायचं व्हय तिला?" बंदूकवाल्याने विचारलं.

म्हातारी त्या चिमुकल्या पावलांजवळ वाकली. मग म्हणाली, "माझं वाचलंय. तिचीबी वाचू द्यात."

माणसं परतली. तिचा मुलगा उठून कामाला लागेपर्यंत त्यांच्या घरचं सरपण आत्तोबांनी वाहिलं. जणू अस्वलाने त्यांनाच पाठवलं होतं.

पुढे, ते निवृत्त झाल्यावर, मी विचारलं, "आत्तोबा, रानात अस्वल किती वेळा पाहिलंत?"

ते जरा ओशाळले. "एकदाबी न्हाय." मग माझीच समजूत घातल्यासारखे म्हणाले, "दिसत न्हाय म्हंजे बरं चाललंय त्याचं."

ते गेले त्या वर्षी मी एकटाच त्यांच्या वाटेने डोंगर चढलो. ऊन कलेपर्यंत बसलो. काही दिसलं नाही. उतरताना मात्र मला बरं वाटत होतं.