ताण्याला पाजलेली खळ

हरणाबाईंनी डोळे मिटले की अजून औंधजवळचा माळ दिसायचा. अंगावर घोंगडं, भोवती मेंढरं, आणि वरून पडणाऱ्या गारा टपटप घरंगळून जाताहेत. उघडले की विश्रामबागेतला तिसरा मजला, आणि कमरेला पट्टा बांधून पालथा पडलेला लेक.

इंद्रजित बारा वर्षं एका दवाखान्यात ऑपरेशनच्या वेळी एक्स-रे मशीन चालवत होता. किरणं लागू नयेत म्हणून सात किलोचा शिशाचा एप्रन दिवसभर अंगावर. मणके झिजले. एप्रन अंगावर असला की कुणाचा हात धरल्याशिवाय वाकता येईना. डॉक्टरांनी सांगितलं होतं, एक तर हे ओझं सोडा, नाही तर ही नोकरी.

"बैलाचं काम हाय ह्ये," तो म्हणायचा, "अन् बैलाला निदान पोळा तरी असतोय!"

त्याची बायको सोनम आष्ट्याची, कापड-तंत्रज्ञान शिकलेली. कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती शिशाऐवजी बिस्मथ धातूची भुकटी चिकट द्रावणात कालवून सुती कापडावर थापायची. कापड हलकं व्हायचं, पण घडी घातली की सारवलेल्या भिंतीसारखे तडे. तड्यातून किरणं आत.

चौथा तुकडा तडकला तेव्हा सोनम तो घेऊन स्वयंपाकघरात बसून राहिली. हरणाबाईंनी तुकडा बोटांत चुरगाळला.

"ही खळ कवा लावलीस?"

"कापड विणून झाल्यावर, आत्या."

"अगं येडे, विणल्यावर कुणी खळ लावतं व्हय? घोंगडं विणताना चिंचोक्याची खळ आमी आदी ताण्याला पाजायचो. उभं सूत ताणायचं, कुंच्यानं पातळ हात फिरवायचा, वाळलं की पुन्यांदा. धागा धागा पितोय. मग विणायचं. तू तर थेट भाकरीवर पिठलं थापलंस."

"इंजिनेर हाय ती, आई!" आतून इंद्रजित ओरडला.

"मग तिला भाकरी तरी कुठं जमत्या?"

सोनम हसली. पुढचे तीन आठवडे गॅलरीत सूत ताणलेलं होतं. करड्या द्रावणात बुडवलेला कुंचा हरणाबाईंच्या हातात तालावर सरकायचा, आणि त्यांना वाटायचं, खाली गाड्या नाहीत, मेंढरंच चालली आहेत.

त्या सुताचं विणलेलं नवं कापड घडीला तडकलं नाही. सोनमनं कापडाखाली एक्स-रेची फिल्म ठेवून वरून किरणं सोडली आणि ती फिल्म घरी आणली. हरणाबाईंनी ती खिडकीशी धरली. पांढऱ्यावर काळे बारीक ठिपके, जणू उलटं आभाळ.

"किती चांदण्या गं!"

"चांदण्या नाहीत, आत्या. विणीतली भोकं. तेवढ्यातून किरणं गेली."

हरणाबाईंनी फिल्म सोनमच्या हातात परत दिली.

"गारात आमी एकेरी घोंगडं कवाच घेतलं न्हाई. दुहेरी. वरचं आडवं, खालचं उभं. एकाचं भोक दुसरं झाकतंय."

कापड तसंच दुहेरी केल्यावर दुसरी फिल्म आली ती कोरी, दुधासारखी. सरकारी तपासणी अजून व्हायची होती, तोवर ते कापड दवाखान्यात नेता येणार नव्हतं. पण तीन किलोचा एप्रन शिवून झाला होता. इंद्रजितनं तो घातला, जरा घुटमळला, आणि कुणाचा हात न धरता खाली वाकून आपल्या बुटाची नाडी बांधली.

हरणाबाईंनी डोळे मिटले. माळावर गारा पडत होत्या, आणि घरंगळून जात होत्या.