पोत्यांपुढचं वासरू

मंगळवार पेठेत म्हैस व्याली आणि रेडकू दगावलं, की गवळी मौलाला हाक मारत. रेडकाचं कातडं मीठ लावून वाळवायचं, आत पेंढा भरून शिवायचं आणि म्हशीपुढं उभं करायचं, हे काम त्याच्याकडं बापापासून आलेलं. म्हैस त्याला चाटायची, पान्हा सोडायची. धार वाजायला लागली की मौला तोंड फिरवून घरची वाट धरी. त्याला ते बघवत नसे.

त्यावर पोट भरेना. चौऱ्याहत्तर साली तो कसबा बावड्याच्या वाटेवरच्या एका डेअरीत पोती उचलायला लागला. युरोपातल्या देशांनी मदत म्हणून धाडलेली दुधाची पावडर तिथं यायची. ती पाण्यात कालवून शहरात विकायची आणि त्या पैशातून खेडोपाडी दूध संस्था उभ्या करायच्या, असं साहेबांनी सांगितलं होतं. मौलाला ते चांगलंच वाटलं. फक्त त्या पांढऱ्या पिठाला कसलाच वास नव्हता. शेणाचा नाही, कासेचाही नाही.

त्याच पावसाळ्यात त्याची लेक फातिमा बाळंतपणात गेली. मागं तान्ही पोर राहिली. म्हशीचं दूध तिला पचेना. राजारामपुरीतले डॉक्टर म्हणाले, पावडरीचं पातळ दूध पाजा. पण मौलाची बायको मलिका चमचा ओठाला लावी आणि पोर मान वळवी. तिचं रडणं मांजराच्या पिलाएवढं बारीक झालं.

मौलाच्या मनानं एकच घेतलं. हे दूध वासरू पुढं नसताना काढलेलं. त्यात पान्हा नाही.

त्यानं घरातल्या एका जुन्या कातड्याचं वासरू शिवलं आणि गोदामात पोत्यांपुढं नेऊन ठेवलं.

"मौलामामू," बाळासो हमाल हसला, "आता पोती चाटणार व्हय ह्याला?"

"तू गप उचल की."

सकाळी वासराची पाठ ओली होती. छप्पर कुठं गळत नव्हतं. केस सगळे एका बाजूला बसलेले. बाळासोनं बोट लावून हुंगलं आणि ते धोतराला पुसत तो मागं सरला. त्या संध्याकाळी पोर वाटीभर दूध प्यायली. मलिकाच्या हाताला डोक्यानं ढुशा देत प्यायली.

पोर अंग धरू लागली आणि मदत देणाऱ्या देशांची माणसं डेअरी बघायला आली. त्यांत एक म्हातारा शेतकरी होता. वासरापुढं येऊन तो थबकला. साहेबांना काहीतरी म्हणाला. साहेब हसत मौलाकडं वळले.

"पाहुणे विचारतायत, तुम्ही कुणाला बोलावताय? त्यांच्या गावच्या गाई म्हणे उगवतीकडं तोंड करून उभ्या असतात. चारा खात नाहीत, नुसत्या हंबरतात."

मौला पुढं झाला. "नातीला दूध पायजे हुतं, सायेब."

साहेबांनी ते सांगितलं. म्हाताऱ्यानं टोपी काढली. वासराच्या पाठीवर हात ठेवला, तो ओला झाला. मग तो हळू काही बोलला आणि साहेबांचं हसू मावळलं.

"म्हणतायत, आम्ही दूध दिलं. गाई नव्हत्या दिल्या."

पाहुणे गेल्यावर हुकूम आला, हे वासरू बॉयलरच्या भट्टीत घाला. मौला भट्टीपर्यंत गेला. त्याला त्या गाई दिसत होत्या, आटलेल्या, बरगड्या वर आलेल्या. पोरही दिसत होती. त्यानं वासरू पोत्यात गुंडाळलं, सायकलला बांधलं आणि पेठेत आणलं. पाळण्याशेजारी उभं केलं.

दिवेलागणीला मलिकानं पोरीला मांडीवर घेतलं. पोर प्यायला लागली, तसं बोळात काहीतरी जड हललं. एक नाही, पुष्कळ. दाराच्या फटीतून गरम वाफारा आत आला, ओल्या, अनोळखी गवताच्या वासाचा.

"अवो, दारात कोण हाय?"

"पावणं असतील."

"मग उघडा की दार!"

मौलानं दाराला पाठ लावली, टाचा जमिनीत रोवल्या.

"आधी तिला पिऊ दे," तो म्हणाला.