साडूंची कात्री

देवासातल्या निम्म्याअधिक लग्नांचा शेवट माझ्या थोरल्या साडूंच्या कात्रीखाली झाला आहे, हे मी शपथेवर सांगायला तयार आहे. संसार मोडले असं नव्हे. ते आपापल्या जागी जसे असायचे तसे आहेत. मोडल्या त्या पत्रिका. लग्न उरकलं की घरात साठलेल्या पत्रिकांचं काय करायचं, असा प्रश्न प्रत्येकालाच पडतो. वर गणपती छापलेला असतो, म्हणून कचऱ्यात टाकवत नाहीत आणि कपाटात मावत नाहीत. अशा वेळी टेकडीखालच्या त्या गल्लीत सगळ्यांना आमचे साडू आठवतात. ते आधी छोट्या कात्रीनं गणपती अलगद सोडवून घेतात, बिस्किटांच्या डब्यात साठवतात आणि वर्षातून एकदा बसनं नेमावरला जाऊन नर्मदेत सोडून येतात. देव असे मार्गी लागले की उरलेल्या कागदाची फुलं, तोरणं, झुंबरं, आरशाच्या चौकटी, असं काय वाटेल ते होतं. त्यांच्या दोन खोल्यांच्या घरात विकत आणलेली शोभेची वस्तू एकही नाही. भिंतीला जिथं ओल येते तिथं कागदी मोर आहे आणि जिथं पोपडे सुटले आहेत तिथं मोराचं कुटुंब आहे.

माणसांची पारख ते कागदावरून करतात. मोहनखेड्याच्या जैन तीर्थाची यात्रा न चुकवणाऱ्या एका शेजाऱ्यांकडे मुलीचं लग्न निघालं, तेव्हा पत्रिकेचा कागद बोटांनी चोळून साडू मला म्हणाले की हे घर मुलीला कधी उणं पडू देणार नाही. उलट कन्नौदच्या एका धान्यवाल्यानं चकचकीत प्लॅस्टिकचा मुलामा दिलेली पत्रिका पाठवली, तर हा मुलगा कुणापुढे वाकायचा नाही असं भविष्य त्यांनी वर्तवलं, कारण पत्रिका घडीला दाद देत नव्हती. आपले आजोबा संस्थानच्या दफ्तरखान्यात होते, तेव्हा कागद आपल्या रक्तातच आहे, असं ते सांगतात. आजोबांनी कागद जपले आणि नातू ते कापतो, हे मी एकदाच बोलून दाखवलं. त्यानंतर दोन दिवाळ्या मला कंदील मिळाला नाही.

कागद मिळवण्याच्या बाबतीत मात्र त्यांना पाचपोच नव्हती. शोकपत्रिका कुणी घरात ठेवत नाही, वाचून लगेच फाडतात. साडू समाचाराला जायचे, चार शब्द बरे बोलायचे आणि निघताना उरलेल्या शोकपत्रिका काखोटीला मारून आणायचे. पांढरा कागद लग्नांत मिळत नाही, ही त्यांची अडचण. शिवाय रिवाजाप्रमाणे कोपरा फाडलेला असला की चौकोन नीट होत नाही, म्हणून ते मयताच्या मुलाला आधीच सांगून ठेवत की माझ्या वाटच्या फाडू नका. एकदा शेजारच्या पाळण्यावर त्यांनी मोठं सुरेख झुंबर करून लावलं. बारशाच्या वेळी आतला दिवा लावला आणि पाकळ्यांच्या आतल्या बाजूची छपाई उजळून निघाली. बाळाच्या आजीनं चष्मा सावरून मोठ्यानं वाचलं, "अत्यंत दुःख के साथ सूचित किया जाता है." सगळं घर गार झालं. साडू शांतपणे म्हणाले, "पढ़ो मत काकीजी, उजाला देखो."

इतक्या लोकांची लग्नं कापणाऱ्या या माणसाच्या कपाटावर पत्रिकांचा एक गठ्ठा सुतळीसुद्धा न सोडता पडून होता. तो त्यांच्या मुलीच्या लग्नाचा. मेहुणी आधीच गेलेली, घरात बाप आणि लेक दोघंच. इंदूरचं स्थळ ठरलं, पत्रिका छापून आल्या, आणि त्याच आठवड्यात भाचीच्या पायांवर सूज आली. तपासण्या झाल्या. दोन्ही मूत्रपिंडं कामातून गेली होती. मुलाकडच्यांनी फार सभ्यपणे, फळांची टोपली घेऊन येऊन, नकार दिला. साडू आपलं मूत्रपिंड द्यायला निघाले, तर त्यांच्या मधुमेहामुळे डॉक्टरांनी नाही म्हटलं. तेव्हापासून ती आठवड्यातून दोनदा डायलिसिसला इंदूरला जायला लागली. पाणीसुद्धा मोजून प्यायचं, डाव्या हाताची नस डायलिसिसच्या सुयांसाठी जोडून ठेवलेली, म्हणून त्या हातानं काही उचलायचं नाही.

साडूंनी तिच्या खोलीचं छत फुलांनी भरून टाकलं. औषधांच्या कपाटाला झालर लावली. पण त्या गठ्ठ्याला हात लावू दिला नाही. मी विषय काढला की एकच उत्तर, "लग्न मोडलेलं नाही. तारीख तेवढी बदलायची आहे. वरून चिठ्ठी चिकटवली की झालं." नवरा कोण, हे विचारायची माझी छाती नव्हती. मला त्यांचा राग यायचा. पोरगी दिवसेंदिवस वाळत चालली आहे आणि बाप चिठ्ठीच्या मापाचं बोलतो, हे मला बघवत नसे. घरी धारला परतताना बसमध्ये मी बायकोपाशी त्यांच्या नावानं बडबडायचो आणि ती खिडकीबाहेर बघत राहायची.

गेल्या माघात मी गेलो तेव्हा साडू दूध आणायला बाहेर गेले होते. भाची म्हणाली, "काका, तो गठ्ठा काढून द्या न." मी घुटमळलो. "बाबा रोज त्याच्याकडे बघतात आणि मग माझ्याकडे बघतात. मला नाही सहन होत हे," ती म्हणाली. मी स्टुलावर चढून गठ्ठा काढला. तिनं सुतळी सोडली. तिची शाळा हिंदीत झालेली, त्यामुळे पत्रिकेतलं मराठी ती एकेक अक्षर लावत वाचत होती. स्वतःच्या नावाशी थांबली, जरा हसली. मग तिनं उजव्या हातात कात्री घेतली आणि पत्रिकेच्या मधोमध चालवायला लागली.

तेवढ्यात साडू दारात आले. दुधाची पिशवी हातात तशीच. मला वाटलं आता हा माणूस कोसळणार, नाहीतर माझ्या अंगावर येणार. भाचीनं कात्री थांबवली नाही. "बाबा, कागद चांगला आहे. वाया का घालवायचा?" ती म्हणाली. साडूंनी पिशवी खाली ठेवली. मग पलंगावर तिच्या शेजारी बसले, तिच्या हातातली पत्रिका सरळ केली आणि म्हणाले, "मधून नको. घडीवरून काप, नाहीतर फाटते."

दुपारभर आम्ही तिघं कापत बसलो. गणपती सोडवायचं काम माझ्याकडे आलं आणि मी त्यातले कित्येक बिघडवले. एरवी त्यांनी माझी खरडपट्टी काढली असती. त्या दिवशी त्यांचं लक्ष फक्त तिच्या बोटांकडे होतं. संध्याकाळी खिडकीला लाल झालर लागली. भाची पडल्या पडल्या त्या झालरीकडे बघत राहिली आणि साडू स्वयंपाकघरात जाऊन उगाच भांडी घासत राहिले.

आता ती आठवड्यातून तीनदा इंदूरला जाते. डॉक्टर फारसं बोलत नाहीत. साडू तिला घेऊन जातात, घेऊन येतात, आणि विचारलं तर आजचा दिवस कसा गेला एवढंच सांगतात. पुढचं काही बोलत नाहीत. ज्या बोलण्याचा मला इतका राग यायचा ते बंद झालं आहे. खरं सांगतो, फोनवर त्यांचा आवाज ऐकताना मी हल्ली वाट बघत असतो, की हा हट्टी माणूस एकदा तरी म्हणेल, तारीख तेवढी बदलायची आहे. मी या वेळी हो म्हणेन.