काकाजींचा घाणा आणि कारंज्याचा कौल

इंजिनाला जन्माचा वैरी मानणारा आमदार उभ्या प्रांतात एकच झाला असेल, आणि तो नेमका आमच्या कारंज्याच्या वाट्याला आला होता. वडिलांचे मित्र म्हणून मी त्यांना काकाजी म्हणे. आमच्या हिंदी-मराठी प्रांताची राजधानी तेव्हा नागपूरलाच होती. अधिवेशनाला जाताना काकाजी मोटारीत सगळ्यात मागच्या बाकावर बसत, कारण इंजिन पुढे असतं. दर खड्ड्याला ते हातभर उडत, टोपी सावरत, आणि पुढच्या बाकावरच्या अनोळखी माणसाला सांगत, "पाहा, यंत्र माणसाले कसं उडवते!"

यंत्रांमध्येही त्यांचा खास दावा तेलाच्या मिलशी होता. जगातलं सगळं अर्थशास्त्र त्यांच्या मते बैलाच्या घाण्यात मावत होतं. जवस गावातला, बैल गावातला, तेल गावात, ढेप, म्हणजे उरलेली पेंड, गावच्या गाईच्या तोंडी. "मिल आली का तेल जाते शहरात, ढेप जाते व्यापाऱ्याच्या घरी, अन् गावाले उरते भोंगा," हे वाक्य त्यांनी विधानसभेत इतक्यांदा म्हटलं होतं म्हणे, की ते उभे राहिले की मागच्या बाकावरचे लोक आधीच 'भोंगा' म्हणत. एकदा कोंडवाड्याच्या प्रश्नावर बोलायला उठले आणि तिसऱ्या वाक्याला घाण्यावर आले. लग्नाच्या पंगतीत ते सदऱ्याच्या खिशातून घाण्याच्या तेलाची बाटली काढत. वांग्याची भाजी आधी नाकाशी नेत, मग यजमानाकडे असं पाहत, की त्या बिचाऱ्याला वाटावं आपण भाजीत विषच घातलं. त्यांच्या सख्ख्या पुतणीची सोयरीक याच पायी मोडता मोडता राहिली. व्याह्यांच्या घरी मिलचं तेल येतं हे कळल्यावर काकाजी भर बैठकीतून उठले होते. माझ्या वडिलांनी त्यांचं धोतर धरून खाली बसवलं.

पण माणूस सच्चा होता. कोणताही सरकारी कागद आला की ते तो बाजाराच्या दिवशी चिंचेखाली, बैलबंडीवर उभं राहून वाचून दाखवत. त्यातली बोजड हिंदी आपल्या बोलीत आणत आणि मग कौल घेत. 'हो' म्हणणारे चिंचेकडे, 'नाही' म्हणणारे कोंडवाड्याच्या भिंतीकडे. बाजार म्हणेल तेच मी नागपूरला सांगीन, ही त्यांची शपथ. ती पाळायला आजवर जड गेलं नव्हतं, कारण बाजार नेहमी काकाजी म्हणतील तेच म्हणे.

मी तेव्हा गावच्या शाळेत मास्तर होतो. काकाजींचं अक्षर त्यांचं त्यांनाही लागत नसे, म्हणून त्यांचे कागद मी लिही. एक दिवस नागपूरहून विचारणा आली: कारंज्याला तेलाची मिल काढायला परवानगी द्यावी का, आमदारांचं मत कळवावं. काकाजींनी बाजाराची वाटही पाहिली नाही. मला बसवून तीन पानांचं विरोधाचं पत्र सांगितलं आणि म्हणाले, "खिशात ठेवा. कौल झाला का लगेच टपालात टाका."

बाजाराच्या दिवशी ते नेहमीसारखे बंडीवर चढले आणि त्यांनी मिलचा कागद वाचून दाखवला. किसनबा तेली समोरच बसला होता. गावातला थोरला घाणा त्याचा. दोघं एका वयाचे, एका आळीत वाढलेले. काकाजींचं घाण्यावरचं प्रत्येक भाषण खरं म्हणजे किसनबावरचंच असे. त्याच्याकडे हात करत ते म्हणाले, "या माणसाच्या पोटावर पाय द्याचा का, सांगा!"

एरवी या वाक्याला टाळी पडे. त्या दिवशी डोंगराकडून चारोळी विकायला आलेली एक गोंडाची म्हातारी उठली. "घाण्यावर पंधरा पंधरा दिस पाळी लागत नाई, साहेब. सणाले तेल नाई भेटत. आमी का कोरडं खावं?" मग भुईमूगवाले उठले. शेंगा आर्वीच्या मिलला वाहून नेता नेता बैल मरून राह्यले, असं कोणी ओरडलं. दुसऱ्याने त्याला मिलवाल्याचा दलाल म्हटलं. गळ्याला हात गेले. काकाजी "शांत राहा, शांत राहा" म्हणत होते, पण कोणी ऐकत नव्हतं. माझ्या खिशातलं पत्र मला एकदम जड वाटायला लागलं.

शेवटी कौल सुरू झाला. मिल हवी म्हणणारे काही चिंचेकडे गेले, नको म्हणणारे काही भिंतीकडे, पण निम्मा बाजार जागचा हलेना. ज्याच्या पोटाचा प्रश्न तो जाईल तिकडे आपण, असं त्यांचं ठरलेलं दिसत होतं. सगळे किसनबाकडे पाहत होते. काकाजी तर हसत होते. त्यांना खात्रीच होती.

किसनबा उठला. धोतर झटकलं. खाली मान घालून सावकाश चालत चिंचेखाली जाऊन उभा राहिला. बाजार त्याच्या मागे गेला.

काकाजी बंडीवरून उतरले. कोणी हात दिला तो त्यांनी घेतला नाही. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "काकाजी, लिहिलेलंच पत्र टाकू का? नागपूरला कोणाला कळतंय?" माझ्यावर इतके ते कधी संतापले नव्हते. "बाजार का तमाशा पाह्याले भरवला?" असं म्हणून त्यांनी पत्र माझ्या खिशातून ओढून फाडलं आणि तिथेच नवं सांगायला बसले. गाव मिल मागते, परवानगी द्यावी. दोन ओळी.

लोक पांगल्यावर किसनबा आला. काकाजींनी त्याच्याकडे न पाहताच विचारलं, "काऊन केलं असं, किसन?"

"माहं पोरगं बैलामागं फिरून राह्यलं. मी फिरलो, माहा बाप फिरला. तू म्हनतं घाणा चालते त घर चालते. चालते, पन जाते कुठी? मिलमंदी ते काहीतरी शिकन."

"मंग इतकी सालं मले काऊन नाई सांगतलं?"

किसनबा म्हणाला, "तू माह्यासाठी भांडत होता ना, बाप्पा. तुले वाईट वाटलं असतं."

काकाजींनी धोतराच्या सोग्याने डोळे पुसले आणि मला म्हणाले, "मास्तर, अजून एक ओळ लिहा. मिलमंदी पयलं काम घाणेवाल्यांच्या पोरांले भेटावं, ही आमदाराची विनंती हाये."

मी लिहिलं. मिलसाठी विनंती करताना त्यांना काय वाटलं असेल, हे विचारायची माझी छाती झाली नाही. आज ते दोघंही नाहीत. काकाजींच्या हट्टाला आम्ही जन्मभर हसलो. पण ती ओळ सांगतानाचा त्यांचा चेहरा आठवला की अजून गलबलून येतं, आणि पुन्हा एकदा त्यांचं ते भोंग्याचं भाषण पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकावंसं वाटतं.